धामनोदच्या घरातली परकी भाषा

मुलाला इंग्रजी घरातच, खेळताखेळता, न शिकवता यावी ही इच्छा आता पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांपुरती उरलेली नाही. माळव्याचं पठार संपून आग्रा-मुंबई रस्ता निमाडात उतरतो, तिथे धामनोद आहे. एका अंगाला महेश्वर, पुढे खलघाटला नर्मदेवरचा पूल, भोवती कापसाची शेतं आणि रात्रंदिवस ट्रकांची रहदारी. बाजारात निमाडी, कचेरीत हिंदी, हाटाच्या दिवशी डोंगरातून उतरलेल्यांच्या तोंडी बारेली आणि भिली. अशा गावातही हल्ली दोन वर्षांच्या मुलाच्या मागे ‘ईट, बेटा, ईट’ म्हणत वाटी घेऊन फिरणारी आई दिसते. व्याकरण नको, पाठांतर नको, मूल आईची भाषा ज्या वाटेने शिकतं त्याच वाटेने इंग्रजी येऊ द्या, असा सल्ला मोबाइलवर तिला रोज कोणी ना कोणी देत असतं.

सल्ला खोटा नाही, अर्धा आहे. उरलेला अर्धा शोधायला परदेशी ग्रंथ उघडण्याआधी धामनोद, धार, देवासच्या मराठी घरांकडे पाहावं असं माझं म्हणणं आहे. गल्लीत, शाळेत, बाजारात कुठेच कानावर न पडणारी भाषा निव्वळ घराच्या बळावर मुलांच्या तोंडी बसवायची, हा उद्योग या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या केला आहे. फक्त ती भाषा मराठी होती, म्हणून कोणी त्याला पद्धत म्हटलं नाही.

२९ नोव्हेंबर १७२८ रोजी धारजवळ अमझेऱ्याला मराठ्यांनी मोगली सुभ्याचा पराभव केला आणि माळवा त्यांना मोकळा झाला. पवारांच्या शाखा धारला आणि देवासला स्थिरावल्या. देवासात तर थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन राज्यं एकाच गावात नांदली. त्यांच्यामागून कारकून, शिलेदार, भिक्षुक, वैद्य, गवई आले. दुसऱ्या बाजीरावाचा जन्म १७७५ मध्ये धारच्याच किल्ल्यात झाला. दरबार होता तोवर मराठीला पोट होतं. अर्ज मराठीत चालत आणि बढत्याही मराठीत मिळत. १९४८ मध्ये संस्थानं मध्य भारतात विलीन झाली, १९५६ मध्ये मध्य प्रदेश झाला, आणि एका पिढीच्या आत मराठी घराच्या उंबऱ्याआड गेली. २०११च्या जनगणनेत मध्य प्रदेशात मराठी मातृभाषा सांगणारे बारा लाखांवर लोक आहेत, पण त्यांत बुऱ्हाणपूर, बैतूल, छिंदवाडा, बालाघाट या सीमेवरच्या मुलखाचा वाटा मोठा. तिथे मराठी गावात ऐकू येते. धामनोदात ती चार भिंतींत आहे, म्हणजे आज इंग्रजी जिथे आहे तिथेच. धामनोदच्या गल्लीच्या दृष्टीने या दोन्ही भाषा सारख्याच परक्या आहेत, कारण तिथल्या कुठल्याच पोराला त्या लागत नाहीत.

काही घरांत ही मराठी तिसऱ्या-चौथ्या पिढीतही खणखणीत टिकली आणि काहींत एकाच पिढीत आटली. असं का, याचं उत्तर प्रेमात किंवा अभिमानात सापडत नाही. कपाटात ज्ञानेश्वरी, भिंतीवर शिवाजी महाराज, दिवाळी अंकाची वर्गणी, आणि नातू मात्र ‘दादी, पानी दो’ म्हणतो, अशी घरं इंदूर-देवासकडे हवी तेवढी दाखवता येतील. टिकली ती बहुधा अशा घरांत, जिथे हिंदीत भागत नाही असं एक तरी माणूस होतं. बहुतेक वेळा ती आजी असे. तिला हिंदी समजे, पण तिच्याशी हिंदीत बोललेलं तिला खपत नसे, किंवा निमाडी कानावरून जाई. लाडू तिच्या डब्यात, गोष्ट तिच्या तोंडात, वडिलांच्या माराआड उभी राहणारी तीच. तिच्यापर्यंत पोचायला मराठीवाचून रस्ता नव्हता. उरलेलं काम मे महिना करी. नाशिक-पुण्याच्या मामाकडे दीड महिना राहायचं, आणि तिथल्या मामेभावंडांना हिंदी येत नसे किंवा त्यांना ती बोलायची नसे. पत्त्यांच्या डावात फसवणूक झाली तर तक्रार मराठीतच करावी लागे.

जिथे सगळ्यांनाच हिंदी उत्तम येत होती, तिथे पोरगं हिंदीत उत्तर देई, आणि ते सगळ्यांना समजे. विषय तिथेच संपत असे. मुलं भाषेच्या बाबतीत फार हिशेबी असतात. जिच्यावाचून आपलं काही अडत नाही, त्या भाषेवर ती श्रम खर्च करत नाहीत.

हे माळव्यापुरतं खरं असतं तर आपली आठवणींची पोतडी म्हणून सोडून देता आलं असतं. बेल्जियममधल्या अभ्यासक आनिक द हाउवर यांनी २००७ मध्ये १,८९९ कुटुंबांची पाहणी प्रसिद्ध केली. आई-वडिलांपैकी निदान एक जण बाहेर न बोलली जाणारी भाषा बोलतो, अशी ही घरं होती. गावाची भाषा सगळ्या मुलांना आली होती. घरची भाषा सुमारे एक चतुर्थांश घरांतल्या मुलांना बोलता येत नव्हती. आईने एक भाषा बोलावी, वडिलांनी दुसरी, हा आज फार खपणारा नियम १९१३ मध्ये फ्रेंच भाषातज्ज्ञ झ्यूल रोंझा यांच्या पुस्तकापासून चालत आला आहे. पाहणीत तो पुरेसाही ठरला नाही आणि आवश्यकही. दोन्ही पालक घरात तीच भाषा बोलत, आणि गावाची भाषा फार तर एक जण वापरी, तिथे यश अधिक होतं. म्हणजे भाषेची घनता हवी आणि पळवाट अरुंद हवी. आजीने हेच केलं होतं.

एका घरातून दोन भाषा किती दूरवर जाऊ शकतात, हे पाहायला मुक्तिबोध बंधूंइतकं चांगलं उदाहरण नाही. गजानन माधव यांचा जन्म १९१७ साली ग्वाल्हेर संस्थानातल्या श्योपूरचा. घर मराठी. ते हिंदीतले मोठे कवी झाले. धाकटे शरच्चंद्र मराठीत कवी, कादंबरीकार आणि समीक्षक झाले. एकच आई, एकच स्वयंपाकघर. घराने एक भाषा दिली, गावाने दुसरी; पुढे कोणाचे मित्र, वाचन आणि भांडणं कुठल्या भाषेत झाली, यावर उरलेलं ठरलं. दोघांपैकी कोणाला कुठलीही भाषा तक्ते लावून शिकवली गेली असेल असं वाटत नाही.

पुण्याचे पाहुणे या मराठीला हसतात, हेही सांगितलं पाहिजे. ‘काय करून राहिला आहेस?’ हे ऐकून त्यांना गंमत वाटते. मला त्यात जिवंतपणाचा पुरावा दिसतो. हिंदीच्या शेजारी राहून वापरात असलेली भाषा अशीच होणार. आटलेल्या घरांत मात्र एक गोष्ट पुष्कळदा दिसते: मूल मराठीत बोलू लागलं की वडील वाक्य मध्येच तोडून ते शुद्ध करून देत. तिसऱ्या वेळी मूल हिंदीत शिरे. आज हेच इंग्रजीच्या बाबतीत चाललं आहे, फक्त जास्त उत्साहाने.

आता परदेशी ग्रंथ उघडायला हरकत नाही. एकोणिसाव्या शतकात फ्रांस्वा गुआँ नावाचा लॅटिनचा फ्रेंच शिक्षक जर्मन शिकायला हँबुर्गला गेला. त्याने व्याकरण पाठ केलं, अनियमित क्रियापदं पाठ केली, आणि तिथल्या अकादमीत व्याख्यानाला जाऊन बसला. एक शब्द कळेना. मग धातू पाठ केले, गटे आणि शिलर शब्दकोश घेऊन सोडवले, शेवटी तीस हजार शब्दांचा कोशच तीस दिवसांत घोकला. पुन्हा तेच. हरून घरी आला तर त्याचा तीन वर्षांचा भाचा, जो जाताना जेमतेम बोलत होता, तो धबधब्यासारखा बोलू लागलेला. मामा त्याला पाणचक्की दाखवायला घेऊन गेला. परत आल्यावर पोराने लहानसं पाणी अडवलं, वाळूच्या गोण्या केल्या, चक्की फिरवली आणि आपण काय करतो आहोत ते क्रमाने सांगत सुटलं. गुआँला उलगडा झाला. त्यातून १८८० साली त्याचं पुस्तक आलं, आणि परकी भाषा नैसर्गिक रीतीने शिकवण्याच्या चळवळीत त्याचं नाव कायमचं राहिलं.

गुआँने मात्र त्यातून घेतलं काय, तर क्रम. मी दाराकडे जातो, मी कडीला हात लावतो, मी दार उघडतो, अशा वाक्यांच्या माळा. त्याने चक्की पाहिली आणि श्रोत्याकडे दुर्लक्ष केलं, असं मला वाटतं. ते पोरगं वाक्यांची माळ ओवत नव्हतं. ते कोणाला तरी सांगत होतं, आणि ज्याला सांगायचं त्याने आपल्याबरोबर चक्की पाहिली आहे, हे त्याला ठाऊक होतं. तक्ते, फ्लॅशकार्ड, ‘सहज इंग्रजी’चे संच आजही गुआँच्याच जागी अडकलेले आहेत.

निबंधकार माँतेञच्या बापाने मात्र श्रोत्याची सोय केली होती. सोळाव्या शतकातला हा फ्रेंच जमीनदार. मुलगा बोलू लागण्याआधीच त्याने फ्रेंचचा गंध नसलेला एक जर्मन शिक्षक आणला, तो मुलाशी लॅटिनच बोलायचा. घरातल्या आईपासून नोकरांपर्यंत प्रत्येकाने मुलासमोर लॅटिनचे चार शब्द तरी शिकून तेच बोलायचे, असा दंडक. मुलगा सहा वर्षांचा होईतो लॅटिन ही त्याची पहिली भाषा होती. शिक्षकांना त्याच्याशी बोलायची भीती वाटे. हे मुलाने, म्हणजे माँतेञने, पुढे स्वतःच लिहून ठेवलं आहे. आणि पुढचंही: शाळेत गेल्यावर त्याची लॅटिन बिघडत गेली आणि वापर नसल्याने बोलण्यातून गेली. लोक पहिला भाग सांगतात, दुसरा गाळतात. वाड्याबाहेर त्या भाषेचं कोणी नव्हतं.

पैसा असेल तर माणूस विकत घेता येतो, हेही यातून दिसतं. आपल्या देवासच्या थोरल्या पातीच्या तरुण तुकोजीरावांसाठी इंग्रज सरकारने माल्कम डार्लिंग हा सनदी अधिकारी शिक्षक म्हणून नेमला. त्यांची मैत्री इतकी जमली की डार्लिंगचा मित्र ई. एम. फॉर्स्टर देवासला आला, १९२१ मध्ये महाराजांचा खाजगी चिटणीस झाला. राजवाड्यात इंग्रजी माणसाबरोबर आली. धामनोदच्या दुकानदाराला डार्लिंग परवडत नाही, म्हणून त्याला यूट्यूब मिळतं.

यूट्यूबबद्दल एक प्रयोग माहीत असावा. अमेरिकेत पॅट्रिशिया कूल आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये नऊ महिन्यांच्या बाळांना चिनी भाषा ऐकवली, सुमारे पंचवीस मिनिटांच्या बारा बैठका. ज्यांच्यासमोर माणूस बसून खेळत, वाचत, बोलत होतं त्यांना चिनी ध्वनींतला फरक ओळखता येऊ लागला. ज्यांनी तोच मजकूर पडद्यावर पाहिला किंवा नुसता ऐकला, त्यांना काही लाभलं नाही. हा प्रयोग तान्ह्यांचा आणि ध्वनींपुरता आहे, त्याला फार ताणू नये. पाच-सहा वर्षांची काही मुलं कार्टूनमधून अस्खलित इंग्रजी वाक्यं उचलतात, हे मीही पाहिलं आहे. पण नीट पाहिलं तर त्या घरात बहुधा दोन भावंडं असतात आणि ती आपसात त्याच आवाजात खेळ करतात. पडद्याने शब्द दिले, जोडीदाराने भाषा केली.

आता ती वाटी घेऊन फिरणारी आई. तिच्या इंग्रजीतल्या चुकांबद्दल माझी काही तक्रार नाही. चुकीच्या मराठीवर मराठी घरं तगली, चुकीच्या इंग्रजीवर इंग्रजी का नाही? अडचण दुसरी आहे. तिच्याकडे इंग्रजी फार थोडी आहे आणि जी आहे ती जवळजवळ सगळी हुकमाची आहे. ईट, सिट, कम, डोंट टच, से हॅलो टू अंकल. त्यात फळांची, रंगांची, प्राण्यांची नावं मिळवा, म्हणजे पाहुण्यांसमोर परीक्षा घेता येते. या साठ्यात मुलाला सबब सांगता येत नाही, चिडवता येत नाही, आजोबा कुठे गेले हे विचारता येत नाही, आणि आईलाही उत्तर देता येत नाही. आई जे मराठीत किंवा निमाडीत भरभरून बोलली असती, ते इंग्रजीच्या नादात तिने गिळलं. मुलाला मिळालेली गोष्ट फार छोटी आणि गेलेली फार मोठी, असा हा व्यवहार आहे. त्यातही बळी बहुधा मराठीचाच जातो. हिंदी गावात मिळतेच, मग घरातली जागा रिकामी करायची कोणाची? आजीची.

इंग्रजीचा सोस म्हणून या पालकांची टर उडवणं मात्र मला मान्य नाही. त्यांचं निदान बरोबर आहे. मध्य प्रदेश सरकारने २०२२ मध्ये एमबीबीएसची हिंदी पुस्तकं काढली, गाजावाजा झाला, तरी इंदूरच्या कंपनीत मुलाखत कुठल्या भाषेत होते हे धामनोदला चांगलं ठाऊक आहे. इंग्रजी हवीच. प्रश्न एवढाच की ज्या भाषेत घरात कोणाचं काहीच अडत नाही, ती घराच्या माथी मारून येईल का. हिब्रू पुन्हा बोलती करू पाहणाऱ्या बेन-येहुदाने जेरुसलेममध्ये १८८२ साली जन्मलेल्या आपल्या मुलाला फक्त हिब्रूत वाढवलं, दुसऱ्या भाषा कानावर पडू नयेत म्हणून पोराला एकटं ठेवलं. ते मूल बोललं, उशिरा बोललं. पण हिब्रू टिकली ती पुढे शाळा निघाल्या आणि पोलंड-रशियाहून आणि येमेनहून आलेल्या लोकांना एकमेकांशी बोलायला दुसरी सामाईक भाषा नव्हती म्हणून. एका बापाच्या हट्टाला मागून गल्ली मिळाली.

नैसर्गिक पद्धतीचं कौतुक इंग्रजीपुरतंच का, हा मला छळणारा प्रश्न आहे. हाटात आईबरोबर आलेली बारेला मुलगी घरी बारेली बोलते, मजुरीच्या शेतावर निमाडी, दुकानदाराशी हिंदी. तीन भाषा, एकही तक्ता नाही. शाळेत मात्र तिची नोंद ‘भाषेत कच्ची’ अशी होते, कारण तिला येणाऱ्या तीनांपैकी पुस्तकात फक्त एक आहे, आणि तीही पुस्तकी. याच गावात चाळीस इंग्रजी नावं म्हणणारं मूल हुशार ठरतं.

आणखी एक गोष्ट घाईत विसरली जाते: ऐकण्याचा काळ. कुमार गंधर्व बेळगावकडचे, घरची भाषा कन्नड. १९४८ मध्ये क्षय घेऊन देवासला आले आणि वर्षानुवर्षं गायला बंदी झाली. त्या अंथरुणात माळवी बायकांची गाणी कानावर येत राहिली. पुढे त्यांनी माळवी लोकगीतांचा जो अभ्यास केला, माळवीत बंदिशी बांधल्या, त्याचं मूळ त्या सक्तीच्या मौनात आहे. ते प्रतिभावंत होते, त्यांचं माप आपल्या पोरांना लावायचं नाही. पण परक्या भाषेत टाकलेलं मूल महिनोन्‌महिने गप्प राहू शकतं, हे भाषाशिक्षणातल्या लोकांना चांगलं ठाऊक आहे. आपण मात्र दुसऱ्या आठवड्यात ‘बोल ना, ॲपल बोल’ सुरू करतो.

मग धामनोदच्या घरात इंग्रजीसाठी काही करता येण्यासारखं आहे का? आहे, पण त्यासाठी इंग्रजीवाचून ज्याचं खरंच अडतं असं माणूस शोधावं लागेल. एक माणूस आपल्याकडे आहे आणि त्याचा उपयोग कोणी करत नाही. इंदूर-धारच्या कितीतरी मराठी घरांतली भावंडं अमेरिकेत आहेत. तिकडच्या नातवंडांना मराठी येत नाही; बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या रविवारच्या शाळा धडपडत असतात, कारण तिकडे मराठीची तीच गत आहे जी इकडे इंग्रजीची. या दोन पोरांना फोनवर एकमेकांपुढे बसवलं जातं आणि मोठी माणसं मध्ये दुभाष्याचं काम करत राहतात. त्यांनी उठून चहा करायला जावं. एकाला इंग्रजी येत नाही, दुसऱ्याला मराठी, आणि दोघांना एकच ऑनलाइन खेळ खेळायचा आहे. याहून चांगला वर्ग पैशाने मिळणार नाही. पहिले काही रविवार दोघंही नुसते हातवारे करतील. करू द्यावेत.

असं कोणी नसेल तर दिवसातला एक ठरलेला कोपरा: झोपताना एक इंग्रजी चित्रपुस्तक मोठ्याने वाचणं, किंवा बाबांबरोबर इंग्रजी समालोचनावर क्रिकेट पाहणं. चुकांसकट, परीक्षा न घेता. कोपरा संपला की घर पुन्हा घराच्या भाषेत. आणि इतकंही जमत नसेल तर दहाव्या वर्षी शाळेत चांगल्या शिक्षकाकडून इंग्रजी विषय म्हणून शिकावी, त्यात कमीपणा नाही. सुरुवातीच्या काळात मोठी मुलं लहानांपेक्षा वेगाने शिकतात. लहानांची खरी आघाडी उच्चारात असते.

लवकर शिकलेलं कायम राहतं, हा समज तर सोडूनच द्यावा. तीन ते आठ या वयात कोरियातून फ्रान्समध्ये दत्तक गेलेल्या काही जणांची क्रिस्तोफ पालिए यांनी २००३ मध्ये तपासणी प्रसिद्ध केली. मोठेपणी त्यांना कोरियन वाक्य इतर भाषांतून वेगळं ओळखता येत नव्हतं. ज्या भाषेत ही मुलं तीन ते आठ वर्षं रडली, हसली, भांडली, ती मागे कोणी उरलं नाही म्हणून गेली. धामनोदच्या मुलाची चाळीस नावं बालवाडीत पुसली गेली तर त्यात नवल नाही. त्या चाळीस नावांसाठी आजीकडचे रोजचे दोन तास कापले गेले असतील, तर ते मात्र नंतर कुठल्या शिकवणीत भरून मिळत नाहीत. आजी सत्तरीची आहे.